विहीर वाढली

जिजी,

तुझं दहावं झालं, गंधमुक्ती आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाला खुर्च्या उचलून घेऊन गेला, आणि मग घरात पहिला प्रश्न निघाला तो विहिरीचा. आतला कासव बसतं तो दगड उघडा पडत चालला होता. माझा पंकज रोज सकाळी विहिरीत वाकून बघून यायचा आणि चहाला बसायचा. तुझा दीर, म्हणजे आमचे हे, तेही तसेच. दोघं माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायचे, माझ्याकडे काय बघताय, मी काय विहीर आहे का?

पण ते काय बघायचे हे मला कळायचं. दरसाल उन्हाळ्यात या घरात एक बाई एक शब्द बोलायची, आणि ती बोलली की मोटर बंद व्हायची. ती बाई तू. आता तो शब्द कोणी बोलायचा? मी? मी तर या घरात आल्यापासून त्या शब्दाशी भांडतेय. जावा-जावांची बाकीची भांडणं झाली आणि विसरलीही गेली. चुलीवरून झाली, म्हशीवरून झाली, एकदा तर नुसत्या खिडकीच्या पडद्यावरून झालं. या एका शब्दाचं भांडण मात्र अर्धवट टाकून तू निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस बाई.

तुझ्याशी मी कायम अहिराणीत बोलले. लिहायला बसले की हातातून शाळेतली मराठी येते, त्याला माझा इलाज नाही. पुस्तकी वाटलं तर हसू नकोस. तू हसशीलच म्हणा.

मी सुरतेत उधन्याला, आपल्या खानदेशी वस्तीत वाढले. (हे 'वाढले' सरळ अर्थाचं आहे हं, तुझ्यासारखं वाकडं नाही.) आमच्या खोलीत एखादी वस्तू सरली की आई एकच शब्द म्हणायची, खतम. साखर खतम, रॉकेल खतम, नळाचं पाणी खतम. मग भाऊ दुकानात पळायचा आणि नळ दुसऱ्या दिवशी परत यायचा. तो कुठून येतो हे आम्ही कधी विचारलं नाही. नळ म्हणजे नळ, त्याला काय विचारायचं?

आणि मग लग्न होऊन मी इथे आले, म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे पाणी जमिनीतून वर ओढावं लागतं. माझा पहिलाच उन्हाळा. जो तो म्हणत होता, विहिरीचं पाणी खाली चाललं, खाली चाललं. आणि एका सकाळी तू शेतातून आलीस, दारातून आत डोकं घातलंस, म्हणालीस, "विहीर वाढी गई," आणि गुरांकडे निघून गेलीस.

मला काय आनंद झाला! मनात म्हटलं, देव पावला, विहीर वाढली. नवी नवरी होते, काहीतरी करून दाखवायची हौस होती. घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. तुझी, माझी, सासूबाईंची, पाहुण्यांच्या, कोठीमागे कोंबून ठेवलेल्या जुनाट सुद्धा. अंगणातला हौद काठोकाठ भरलेला होता, तो तू मोटर बंद करायच्या आधी घरासाठी आणि गुरांसाठी भरून ठेवला होतास, पण मला कुठे ठाऊक? धोपटणं घेतलं आणि सुटले. गोधडीला पाणी किती लागतं ते तुला माहीत आहे. दुपारपर्यंत खळ्याची भिंत गोधड्यांनी झाकली आणि हौदाचा तळ कोरडा पडला.

तू आलीस. आधी गोधड्यांकडे बघितलंस, मग हौदात वाकलीस.

"हाई काय करी ऱ्हायनी व माय?"

मी तोंडभर हसून म्हणाले, "जिजी, विहीर वाढनी ना! म्हनीसन धुई टाक्यात."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. आणि तू ओट्यावर बसलीस आणि पोट धरून हसायला लागलीस. इतकी हसलीस की सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या, काय झालं म्हणून. "आते पानी कथाईन आनशी?" आता पाणी कुठून आणणार, एवढं कसंबसं विचारलंस आणि परत हसलीस. मग दोर आणि बादली घेऊन मला विहिरीवर नेलंस. संध्याकाळपर्यंत आपण दोघींनी पाणी ओढलं आणि हंडे वाहिले. माझ्या हातांना फोड आले. तू एका शब्दाने रागावली नाहीस. फक्त दर हंड्याला म्हणायचीस, "वाढनी ना विहीर? ओढ मग." गल्लीत कितीतरी वर्षं माझं नाव 'गोधडीवाली' होतं ते यामुळे.

आता तांदूळ 'वाढले', कुंकू 'वाढलं', दिवा 'वाढवला', दुकान 'वाढवलं', हे सगळीकडेच म्हणतात. संपलं म्हणायचं नाही, अशुभ असतं. एवढं मलाही ठाऊक होतं. पण विहिरीला हा शब्द मी कुठे ऐकला नव्हता. तो तुमच्या घरचा. सासूबाई म्हणायच्या, त्यांच्याकडून तू घेतलास. विहिरीच्या आतल्या अंगाला एक दगड पुढे आलाय, त्यावर कासव येऊन बसतं. तो दगड पुरता उघडा पडला की विहीर 'वाढली'. मग मोटर बंद. खालचं पाणी दोराने ओढायचं, तेही घरापुरतं आणि गुरांपुरतं. शेताला त्यातला थेंब नाही, मग शेतात काहीही उभं असो.

मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, हा शब्द खोटा आहे. पाणी सरलंय तर सरलं म्हणा ना. उलटं बोलून काय मिळतं? तू म्हणालीस, "सरी गयं अशे म्हननं तर पहिले सरू देनं पडस. मी सरूच देत नही." मी म्हटलं, हे काय उत्तर झालं? तुला ते उत्तर पुरेसं वाटायचं. तू भाकरी थापायला घ्यायचीस आणि माझी चिडचिड व्हायची.

पण त्या शब्दाचा मला खरा राग आला तो तुझे मालक, आमचे दादा, गेले तेव्हा. तुझ्या दोन्ही मुली लहान होत्या. बायका तुला घेऊन बसल्या होत्या, आणि त्यातली एक म्हणाली, "आते बांगड्या वाढवा." वाढवा! हातावर दगड मारून काचा करायच्या आणि म्हणायचं वाढवा. मी तिथेच उठून ओरडले, फोडताय ना, तर फोडतो म्हणा. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, सुरतवालीला अक्कल नाही म्हणून. तू मान खाली घालून बसली होतीस. वर बघितलं नाहीस.

पुढे कितीतरी दिवसांनी मीच विषय काढला. म्हटलं, बघ तुझा शब्द काय काय झाकतो. तू दाणे निवडत होतीस. हात थांबला नाही. म्हणालीस, "तो शब्द त्यास्ना व्हता. मन्हा नही." आणि पुढच्या बाजाराला माझ्याबरोबर येऊन हिरव्या बांगड्या भरून घेतल्यास. लोक काय बोलले ते तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक. त्या दिवशी तुझा मला फार अभिमान वाटला होता. तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

तुझा शब्द वेगळा होता हे मला हळूहळू स्वयंपाकघरात कळलं. तू पिठाचा डबा कधी पालथा केला नाहीस. तळाला मूठभर पीठ राहिलं की तू झाकण लावायचीस आणि म्हणायचीस, "पीठ वाढी गयं, दळन टाका." मी डोकावून बघायचे तर पीठ आहे! दोन भाकरी सहज होतील इतकं. मी म्हणायचे, आहे की अजून. तू म्हणायचीस, ते डब्याचं. नवं दळण त्या जुन्यावर पडायचं. लोणच्याची बरणी तशीच, मिठाचा डबा तसाच, ज्वारीच्या बिबड्यांच्या पिंपातसुद्धा तळाला चार पापड कायम. माझ्या आईकडे खतम म्हणजे डबा उलटा करून ठोकून झाल्यावर. तुझ्याकडे 'वाढलं' म्हणजे हात आवरायची वेळ झाली. एवढं समजायला मला किती वर्षं लागली, आणि समजल्यावरही मी कबूल केलं नाही. तुला जिंकू कशाला द्यायचं?

त्यातून ते केळीचं वर्ष. वरच्या तुकड्यात केळी उभी, ठिबक चालू, घड अर्धे भरलेले. आणि तू विहिरीवरून आलीस आणि बोललीस. मी हात जोडले होते तुझ्यापुढे. म्हटलं, जिजी, थोडे दिवस जाऊ दे, घड भरू दे, मग बंद कर. पाणी आहे ना खाली, दिसतंय ना डोळ्यांनी! तू म्हणालीस, दिसतंय म्हणूनच. आमच्या ह्यांनी तुझ्यापुढे कधी तोंड उघडलं नाही, त्यांनी मोटर बंद केली. केळी उभ्या उभ्या माना टाकत गेल्या. मी तुझ्याशी बोलणं सोडलं. तुझं ताट आपटून ठेवायचे. तू जेवायचीस आणि स्वतःचं ताट धुवायचीस.

त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या बोरवेलींतून नुसती हवा यायला लागली. लोक आपल्या विहिरीवर घागरी घेऊन यायला लागले. तू कोणाला नाही म्हटलं नाहीस, पण मोटर कोणासाठी लावली नाहीस. दोर घ्या, ओढा, लागेल तेवढं न्या. लोक पाणीही न्यायचे आणि वाटेत आपल्याला वेडंही म्हणायचे. तेव्हा मी तुझ्या शहाणपणाने भारावून गेले असं खोटं लिहिणार नाही. केळी गेल्याचं मला दुःख होतं आणि आजही आहे. पण एक गोष्ट त्या उन्हाळ्यात माझ्या हातांना कळली. मोटरीने पाणी येतं तेव्हा ते किती आलं, काही समजत नाही. बटण दाबलं, पाट भरला. दोराने ओढलं की एका बादलीचं वजन कळतं. अंघोळीला किती, भांड्यांना किती, म्हशीला किती, सगळं खांद्यात कळतं. तेव्हापासून मी ताटात हात धुवायचं सोडलं ते सोडलंच.

आणि विहिरीवर आपण दोघीच नव्हतो. तू दोर ओढून झाला की शेवटचं तांब्याभर पाणी काठाच्या खोलगट दगडात ओतायचीस. मग मधमाश्या यायच्या, चिमण्या यायच्या, ते लंगडं मुंगूस यायचं. विहिरीत लोंबणाऱ्या फांदीवर सुगरणींची घरटी, खाली कपारीत पारवे, आणि दगडावर ते कासव, आपल्या सासऱ्यांच्या आधीपासूनचं असेल. मी एकदा म्हटलं, माणसांना पुरत नाही आणि तू पाखरांना वाटतेस. तू म्हणालीस, "त्यास्ले थोडीच बोर मारता येस." मला हसू आलं, तुलाही आलं. अबोला तिथेच सुटला बहुतेक. मला नक्की आठवत नाही.

पंकजला तू वाढवलंस. (हेही सरळ अर्थाने.) मी शेतात असायचे, तो तुझ्या मांडीवर. तुला मोठीमाय म्हणायचा आणि मला मम्मी, आणि कुठलाही हट्ट आधी मोठीमायकडे. तो लोणखेड्याला कॉलेजात शिकला, शेती करायला परत आला, आणि आल्या आल्या तुझ्याशीच वाद घालायला लागला. त्याला विहिरीच्या तळातून बोर मारायचं होतं, सगळ्या शेतात टिश्यू कल्चरच्या केळी लावायच्या होत्या. तुझ्या आजारपणाच्या आधी ओट्यावर तुम्हा दोघांची जुंपली होती, ती मला शब्दन् शब्द आठवते. तो म्हणाला, "मोठीमाय, आजूबाजूला सगळे बोर मारताहेत. आपण थांबलो म्हणून पाणी थांबणार आहे का? ते जमिनीखालून त्यांच्याकडे जाईल. आपण नुसते मूर्ख ठरू."

मला वाटलं, आता जिजी सापडली. खरंच बिनतोड बोलला होता पोरगा. तू म्हणालीस, "जाऊ दे तिकडे. पन मन्हा हातखाल तळ दिसाले नको." त्याला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नाही. पण त्याने तुझ्या हयातीत मशीन बोलावलं नाही, एवढा मान त्याने ठेवला.

मग दवाखाना. शहाद्याच्या त्या खोलीत तुझ्या हाताला सलाईन, आणि तू डोळे मिटून पडलेली. नर्स आली तेव्हा तू डोळे उघडून वर टांगलेल्या बाटलीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बाई, बाटली वाढी गई." ती बिचारी नाशिककडची, गोंधळली. म्हणाली, "नाही हो आजी, कमी झालीय उलट." मी खिडकीकडे तोंड करून हसले. तूही हसलीस, खोकला येईपर्यंत. मग ती गेल्यावर मी तुला विचारलं. अशा वेळी विचारू नये ते विचारलं, पण आपण दोघी होतो आणि माझी जीभ अशीच आहे. म्हटलं, जिजी, कुंकू वाढतं, दिवा वाढतो, विहीर वाढते, मग माणसाला का नाही ग म्हणत वाढलं?

तू म्हणालीस, "मानूस सरी जास. म्हनीसन बाकीनं सराले नको." आणि मला सांगितलंस की घरी जाऊन म्हशीला पाणी पाजलं का ते बघ.

मी घरी जायला उठले. मला म्हणायचं होतं, तू नको ना सरू. मला म्हणायचं होतं की पहिल्या उन्हाळ्यात तू मला रागावली असतीस तर मी सुरतेला परत गेले असते, खरंच गेले असते, पिशवी भरायचा विचारही केला होता. तू हसलीस म्हणून राहिले. हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्यामुळे मी या घरात रुजले, तुझ्यामुळे मला पाणी कुठून येतं ते कळलं, आणि इतकी वर्षं मी तुला फक्त विरोध करत राहिले. आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. तरी मानते. तुला संकोच वाटेल, वाटू दे.

तर आता परवाची गोष्ट ऐक, त्यासाठीच लिहायला बसले.

सकाळी बोरवाला आला. पंकजने त्याला बोलावलं होतं. तुझे विधी होईपर्यंत थांबला होता पोरगा. तो माणूस विहिरीभोवती फिरला, खाली वाकला, म्हणाला, तळातच उभं बोर घेऊ, पाणी नक्की लागेल, मागाहून निरोप द्या. तो गेला. मी घरी भाकरी टाकत होते, हे आले आणि म्हणाले, "जरा विहिरीवर ये." इतकंच. मी तवा उतरवला.

पंकज मोटरीच्या पेटीजवळ उभा होता. मोटर चालू होती. मी काठावर हात टेकून वाकले. दगड पुरता उघडा होता, कोरडा, आणि कासव त्यावर बसलेलं. त्याच्या खाली पाणी होतं जिजी, चांगलं काळंशार पाणी होतं. डोळ्यांनी दिसत होतं. वरच्या तुकड्यात केळीची रोपं लावायची म्हणून सऱ्या पाडून ठेवलेल्या. मला ते केळीचं वर्ष आठवलं, मी हात जोडले होते ते आठवलं. आणि कळलं की त्या दिवशी तुलाही पाणी असंच दिसत असणार, आणि माझे जोडलेले हातही.

"मम्मी," पंकज म्हणाला, "आते काय करूत?"

इतकी वर्षं ज्याला खोटा म्हटलं तो शब्द आता मला बोलायचा होता. तुझ्यासारखं नुसतं बोलून गुरांकडे निघून जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. मग मी माझ्या पद्धतीने बोलले.

म्हटलं, "पंकज, विहीर वाढी गई." आणि लगेच म्हटलं, "म्हणजे पाणी सरत आलंय. नीट ऐक. मोठीमाय पहिलं बोलायची, मी दुसरं बोलायचे. दोन्ही ऐक."

मोटर चालूच होती. तो म्हणाला, "आणि बोर?"

"तळाला हात लावू नको."

"मग वरच्या तुकड्यात काय करू?"

"पाऊस झाला की ज्वारी पेर. नाही जमलं तर पडू दे."

"नुकसान तुझंही आहे, मम्मी."

"आहे ना," मी म्हटलं. "मी कुठे नाही म्हणते?"

मला वाटलं आता तो वाद घालेल, शेजाऱ्यांचं सांगेल, त्याचं ते बिनतोड बोलणं काढेल, आणि माझ्याकडे आजही त्याला उत्तर नाही. त्याने वाद घातला नाही. लाल बटण दाबलं. मोटरीचा आवाज थांबला आणि खालच्या कपारीतले पारवे ऐकू यायला लागले. आमचे हे कधी नव्हे ते आपणहून बोलले. म्हणाले, "दोर नवा आणायला पाहिजे." पंकजने जुन्या दोरालाच बादली बांधली. पहिली बादली त्याने ओढली, अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, "जड शे रे बाप!" मी म्हटलं, ओढ. आणि शेवटचं तांब्याभर पाणी मी त्या काठाच्या दगडात ओतलं, कारण तिथे मधमाश्या आधीच येऊन बसल्या होत्या.

भांडण मिटलं असं समजू नकोस. तो शब्द मला अजून वाकडाच वाटतो. बोरवाला पुढच्या वर्षी परत येईल आणि पंकज परत माझ्याशी वाद घालेल, मला दिसतंय ते. पण मी असेपर्यंत दरसाल मी वाकून बघेन आणि बोलेन. दोन्ही शब्द बोलेन.

त्याच दिवशी दुपारी आईचा फोन आला, सुरतेहून. तिला आता कमी ऐकू येतं, ती ओरडून बोलते. तुझं विचारून झालं, विधी नीट झाले का, मुली आल्या होत्या का. मग म्हणाली, सुतकाचं अंथरूण-पांघरूण सगळं धुतलं ना? मी म्हटलं, धुतलं, एक सोडून. तुझ्या बाजेवरची ती गोधडी राहिलीय. मी पहिल्या उन्हाळ्यात खळ्याच्या भिंतीवर वाळत घातली होती त्यातलीच ती, कड निघालेली, तू दोनदा टाके घातलेली. ती मी घडी करून माझ्या उशाशी ठेवलीय.

आई ओरडली, "का बरं? विहिरीले पानी नही का?"

मी म्हटलं, "विहीर वाढी गई, आई."

"चांगलं व्हयनं व माय!" आई खूश होऊन म्हणाली. "मग जिजीनी ती गोधडी बी धुई टाक आते."

मी फोन हातात धरून हसत सुटले. हसू काही आवरेना. आणि त्याच भरात ओट्याकडे तोंड करून मी हाक मारली, "जिजी! ओ जिजी! ऐकं का, मन्ही माय काय म्हनी ऱ्हायनी!"

हाक मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

गोधडी अजून धुतली नाही, जिजी. विहीर वाढलीय ना.